लेप्टोचे मूळ चाळीमागे

महोदय,

तुंबलेल्या पाण्यातून चालल्यास डॉक्टरांना भेटा, असे आवाहन पालिका दर पावसाळ्यात करते व ते योग्यच आहे. परंतु लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू उंदीर, कुत्री आणि गुरांच्या मूत्रातून त्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात, हे पाहता नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची साथ मुंबईकर विसरलेले नाहीत. आमच्या चाळीमागे रात्री खिडकीतून खरकट्याची पिशवी पडते (टाकणारे आम्हीच), तिच्यावर आधी घुशी, मग कुत्री जमतात आणि पहिल्या सरीला तेच पाणी जिन्यापाशी साचते. भटक्या कुत्र्यांना रेबीजबरोबर लेप्टोचीही लस देता येईल का, हे पालिकेच्या आरोग्य व पशुवैद्यकीय विभागांनी एकत्र बसून पाहावे.

– एक वाचक, परळ