"अमेरिकेत कुणालाही बंदूक मिळते" असं सरसकट छापू नका

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पेपरात अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी आली की "तिथं कुणालाही बंदूक मिळते" हे वाक्य ठरलेलं, आणि ते वाचून सासूबाईंचा कोल्हापूरहून फोनही ठरलेला. मी ८ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला काढली, आता टेक्ससमध्ये आहे, आणि बंदुकीच्या बाबतीत ही दोन राज्यं म्हणजे दोन वेगळे देशच आहेत हो.

न्यू जर्सीत पिस्तूल घ्यायचं तर आधी पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्या लोकांची नावं द्या, वर प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट. टेक्ससमध्ये दुकानात जायचं, केंद्राचा फॉर्म भरायचा, नावावर गुन्हा वगैरे आहे का याचं चेकिंग क्लिअर झालं की लगेच घेऊन घरी, कॅलिफोर्नियासारखं १० दिवस थांबायची भानगड नाही. आणि दुकानदाराऐवजी एखाद्या साध्या माणसाकडून घेतलं तर इथं ते चेकिंगसुद्धा सक्तीचं नाही! १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं. आम्ही नवीन आलो तेव्हा ग्रोसरीच्या लाइनमध्ये पुढच्या माणसाच्या हातात अंड्यांचा ट्रे आणि कमरेला पिस्तूल, मी मुलीचा हात इतका घट्ट धरला की ती "आई दुखतंय" म्हणून ओरडली. ज्या दुकानाला हे नको असेल त्यानं दारावर इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये ठळक बोर्ड लावायचा असतो, आता मी आत शिरताना आधी तो बोर्ड बघते.

२४ मे २०२२ ला इथल्याच, टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मारणाऱ्या पोरानं १८ पूर्ण झाल्या झाल्या दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या, कारण दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ लागतात पण रायफलला १८ पुरतात. हे माझ्या डोक्यातून जातच नाही. त्यामुळे मुलीला कुणाकडे खेळायला पाठवायच्या आधी मी सरळ विचारते, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती, वाटलं समोरची बाई चिडेल, पण तिनं मला आत नेलं आणि कपाटातल्या लॉकरचं हँडल ओढून दाखवलं, बंद होतं. आपल्या लोकांनीही विचारावं, भीड कसली त्यात.

आणखी एक, हे खास आपल्या पोरांसाठी. स्टुडंट व्हिसा किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणं हासुद्धा केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजक्या सवलती सोडल्या तर. आणि ही पोरं वीकेंडला शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेऊन फोटो टाकतात, रेंजवाल्यानं विचारलं नाही म्हणजे चालतं असं त्यांना वाटतं! व्हिसावर गदा आली तर कर्ज काढून पाठवणाऱ्या आईबापांनी काय करायचं?

म्हणून कळकळीची विनंती आहे, पुढच्या वेळी लिहाल तेव्हा कुठल्या राज्यातला कायदा ते लिहा, आणि ही व्हिसाची गोष्ट जुलैत पोरं विमानात बसायच्या आधी ठळक छापा.

आपली,
एक वाचक, प्लेनो (टेक्सस)