दोन गावं ठरवण्याआधी

प्रिय सुहास,

शेतं लहान की मोठी याचा गावावर काय परिणाम होतो, हे बघायला दोन गावांची तुलना करायची म्हणतोस, तर आधी वॉल्टर गोल्डश्मिट यांचा आर्विन आणि दिनुबा या कॅलिफोर्नियातल्या दोन गावांचा अभ्यास नीट वाच. मानववंशशास्त्रज्ञ असून या गृहस्थांनी पीएच.डी. केली ती कॅलिफोर्नियातल्या वास्को या शेतीच्या गावावर. पुढे युगांडातल्या सेबेई लोकांत काम केलं, पण ओळख राहिली ती १९४४ मधल्या या दोन गावांची.

प्रश्न सरकारी होता. अमेरिकेतल्या १९०२ च्या कायद्यानुसार सरकारी कालव्याचं पाणी एका मालकाला १६० एकरांपुरतंच मिळायचं. कॅलिफोर्नियातल्या सेंट्रल व्हॅलीत, म्हणजे ही गावं ज्या खोऱ्यात आहेत तिथे, ती अट ठेवायची की नाही? गोल्डश्मिटनी गावं अशी निवडली की शेतमालाचं वार्षिक उत्पन्न दोन्हीकडे सारखं, सुमारे २५ लाख डॉलर. शेतं मात्र दिनुबात सरासरी ५७ एकरांची, आर्विनला ४९७ एकरांची. मग गाव मोजायला घेतलं. दिनुबात दुकानं-धंदे ६२, आर्विनला ३५. दिनुबात चार प्राथमिक शाळा आणि हायस्कूल. आर्विनला एकच प्राथमिक, हायस्कूल नाहीच. बड्या बागायतदारांनी असा गदारोळ केला की पुढचा टप्पा बारगळला.

टीकाही झाली, आणि ती मला पटते. दिनुबा जुनं गाव. आर्विनला पाणी खोल विहिरींतून उपसायचं, म्हणजे भांडवल हवं. मग शाळा नाही ती मोठ्या शेतांमुळे, की गाव नवं म्हणून? तेव्हा तू एकाच कालव्यावरची, पाणी साधारण एकाच सुमारास आलेली गावं घे.

शेताचा आकार काढताना आपल्याकडे घोळ होतो तो सातबाऱ्यात. कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून सुटायला कागदोपत्री वाटण्या केलेल्या, चूल एकच. उलट कुठे भाऊ कधीचे वेगळे निघालेत आणि खातं अजून सामाईक. म्हणून खातेदार नको, चूल मोज. आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनींचा उतारा, त्या गावापुरताच असतो. शेजारच्या शिवारातली जमीन त्यात दिसत नाही, ती विचारूनच घ्यावी लागते. कसण्याचं क्षेत्र काढताना स्वतःच्या जमिनीतून बटईने (पिकाच्या वाट्यावर कसायला) दिलेली वजा कर, घेतलेली मिळव.

बटई तोंडी असते, आणि कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क येईल, या धास्तीने मालक सरळ सांगत नाही. ‘बटईने दिलीय का?’ असं विचारूच नकोस. बियाणं कोणी आणलं, खताचे पैसे कोणी भरले, माल कुणाच्या नावाने अडतीवर गेला, हे विचार. मालक आणि कसणारा यांना वेगवेगळं गाठ. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा जा. तरीही नाहीच जुळले तर मी कसणाऱ्याचा धरेन.

प्रश्नावली पाठव. जिरायत-बागायतीचे रकाने वेगळे नसतील तर आधी तेवढं कर.

तुझा,
अनंत