बाबा, प्रभुभोजन घरी घ्या

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

काल आईशी फोनवर बोलले. पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी यायला तयार होते आणि बाबा नको म्हणाले. "चालत देवळात येईन तेव्हाच घेईन. आता माझ्या हातून देवाचं काही होत नाही." हे ऐकल्यापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही किती वर्षं चर्चच्या मंडळीचे पंच होतात, संडे स्कूल घेतलंत, मंडळीत कुणाकडे मयत झाली की सगळ्यांच्या आधी पोचायचात. मी सगळं पाहिलंय. पण त्या सेवेमुळेच देवाच्या घरात तुम्हाला जागा होती असं वाटत असेल, तर ते मला मुळीच मान्य नाही. "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे" हे वचन तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतलंत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायात येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालक आठवा. मजूर अड्ड्यावर सकाळी आधी कुणाला नेतात? धट्ट्याकट्ट्या पोरांना. दिवस कलेपर्यंत उभे राहतात ते बहुतेक म्हातारे, आजारी, हात थरथरणारे. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. किती लाज गिळून दिलं असेल हे उत्तर! आणि त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी मिळते, तीही सगळ्यांच्या आधी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. तुम्ही आजवर स्वतःला त्या पहाटेच्या मजुरांत धरलंत. आता संध्याकाळच्यांत उभं राहणं तुम्हाला जड जातंय. मालक मात्र तोच आहे, बाबा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. एवढं काम उभं केलेल्या बाईनं पुढे आपल्या साक्षीत लिहिलंय की, नुसता ख्रिस्ताचा धर्म पुरत नाही, खुद्द ख्रिस्त हवा, हे आपल्याला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी उमगलं. मग त्यांनी स्वतःला विनाअट त्याच्या हाती सोपवलं. काम त्यानंतरही थांबलं नाही, उलट केडगावचं निराधार बायकामुलींचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं.

प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, जावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. प्रभूचं उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." बरं वाटल्यावर पुरेल, असं त्यात कुठेच नाही.

आई, तुलाही सांगायचंय. शेजारच्या बहिणी रात्री बसायला येतो म्हणतात आणि तू "कशाला उगाच त्रास" म्हणून परत पाठवतेस. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी जागलीस. आता त्यांना येऊ दे आणि तू मागच्या खोलीत दार लोटून झोप. देव त्यांच्या हातून देतोय ते घे.

पाळकसाहेबांना मी फोन करते. रविवारची उपासना आटोपली की ते येतील. बाबा, बसवलं नाही तर उशीला टेकून घ्या. आणि आई, चहाच्या गडबडीत स्वयंपाकघरात राहू नकोस; तूही बाबांच्या शेजारी बसून घे.

तुमची,
धाकटी