इंजिनियर पासची गाडीवाट

डेन्व्हर,
२८ जुलै

प्रिय सुहास,

नाणेघाटातल्या जकातीच्या रांजणाला टेकून तू म्हणाला होतास, "घाट फोडणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत रे?" परवा कोलोरॅडोतल्या इंजिनियर पासवर ते सारखं आठवत होतं. इथे एक नाव उरलंय, ऑटो मिअर्स. रशियन साम्राज्यातून आलेला अनाथ मुलगा. त्याने १८७७ साली सान हुआन डोंगरात खाणवाल्यांसाठी ही गाडीवाट काढली आणि जकात लावली. लेक सिटी ते यूरे घोड्यांच्या टपालगाड्याही इथूनच धावायच्या.

आम्ही लेक सिटीहून सकाळी सातला निघालो, भाड्याच्या उंच जीपने. हेन्सन ओढ्याकाठी काही त्रास नाही. झाडी संपली की मात्र लो गिअर, ताशी पाच-सहा मैल. एकीकडे खडक, दुसरीकडे दरी, रुंदी एका गाडीपुरती. खिंड १२,८०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. चार पावलं चाललो तरी धाप लागत होती.

उतरताना समोरून एक जीप चढत आली. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची ही इथली रीत, त्यामुळे मागे मलाच घ्यायचं होतं. मेधा खाली उतरली. दरीकडच्या चाकापासून काठ जेमतेम हातभर. ती खुणा करत होती, "अजून… अजून… बस्स!" चाकाखालचे गोटे निसटायचे आणि त्यांचा आवाज खालून कितीतरी वेळ येत राहायचा. स्टिअरिंग घामाने ओलं झालं होतं. आणि इथे गाड्या हाकणाऱ्यांच्या पुढ्यात खेचरं होती रे, मागे कशी घेत असतील? हा कडा ज्यांनी फोडला त्यांचं नाव मला कुठेच दिसलं नाही. तुझं म्हणणं खरंच होतं.

पुढे ॲनिमास फोर्क्स, ११,२०० फुटांवरचं ओस गाव. १८८४ साली इथे सलग २३ दिवस हिमवादळ चाललं, २५ फूट बर्फ साचलं. लोक या घरातून त्या घरात जायला बर्फात बोगदे खणायचे. डंकन यांच्या घराला पुढे आलेली मोठी देखणी खिडकी आहे. तिच्याशी मी बराच वेळ उभा राहिलो. इतक्या उंचीवर, अशा वाटेने सामान आणून कुणीतरी हौसेने खिडकी बसवली, याचंच मला राहून राहून कौतुक वाटत होतं.

पुढच्या जुलैत ये. बर्फ गेलेलं असतं, कोलंबाइनची निळी फुलं असतात. गाडी मी चालवीन, मागे घ्यायची वेळ आली की उतरून खुणा तू करायच्या.

तुझा,
अवि