बाबा, कुळागर विकू नका

पर्वरी, गोवा

ती. बाबा आणि ती. आई यांस
शिरसाष्टांग नमस्कार.

सावईवेऱ्याचे कुळागर, म्हणजे आपली पोफळीची बाग, विकून माझ्या मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारासाठी मला परराज्यात न्यायचे तुम्ही जवळजवळ ठरवले आहे, असे ताईकडून कळले. बाबा, कृपा करून तसे करू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांखेरीज अन्य आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. जे लाखो रुपये मागत आहेत, त्यांच्याकडे माझ्यासाठी सिद्ध झालेला उपचार नाही.

पोफळीवरून पडून माझ्या मज्जारज्जूला झालेली इजा पूर्ण स्वरूपाची आहे, म्हणजे इजेच्या खाली संवेदना आणि हालचाल उरलेली नाही. अशा इजेत जी काही संवेदना आणि हालचाल परतायची, ती बहुतांशी पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत परतते. वर्ष-दीड वर्षानंतर मोठा बदल सहसा होत नाही. आई, हे वाचून तुला किती वाईट वाटेल ते मला ठाऊक आहे, पण माझे हात शाबूत आहेत, आणि पलंगावरून खुर्चीत जाणे, आंघोळ, कपडे, लघवीची आणि शौचाची व्यवस्था ही सगळी कामे अशी इजा झालेला माणूस स्वतः करू शकतो. ती कामे पुढेही अनेक वर्षे सुधारत जातात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी इजा झालेली बहुतेक माणसे वर्ष-दोन वर्षांत दगावत, तीही मुख्यतः पडून राहिल्याने पाठीवर झालेल्या जखमा चिघळून आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत पोहोचून. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल येथे १९४४ पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा, खेळ आणि काम यांची शिस्त बसवली आणि हे चित्र पालटले. महाराष्ट्रातल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले आणि २०१८ साली, म्हणजे इजेनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, त्यांना पद्मश्री मिळाली. एवढे आयुष्य माझ्याही पुढे असू शकते. म्हणून आज विचार करायचा तो वीस-तीस वर्षांनंतरचा.

त्या वेळी माझी त्वचा, माझी मूत्रपिंडे आणि माझे खांदे कसे असतील, यावर सारे अवलंबून आहे. त्वचेसाठी मला चांगली गादी हवी आणि बसल्या जागी वारंवार अंग झुकवून भार हलका करण्याची सवय हवी. मूत्रपिंडांसाठी दर काही तासांनी मीच कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालीन आणि वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घेईन. खांद्यांची काळजी मात्र घरापासूनच घ्यावी लागेल, कारण पायांचे काम आयुष्यभर त्यांनीच करायचे असते आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या पुष्कळ लोकांना कालांतराने खांदेदुखी जडते, मग उठणे-बसणेही दुसऱ्यावर अवलंबून राहते. म्हणून पडवीसमोर खुर्चीसाठी बांधायचा उतार चढा नको. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. न्हाणीचे दार खुर्ची सहज आत जाईल इतके रुंद करावे आणि माझा पलंग खुर्चीच्या उंचीचा असावा.

आई, पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नकोस. चटका बसला तरी मला कळणार नाही. जोरात चोळणाऱ्या वैद्यालाही बोलावू नका, कारण या पायांची हाडे विरळ होत जातात आणि थोड्या जोरानेही मोडू शकतात. बाबा, मला उचलू नका. तुमची कंबर आधीच दुखते, आणि तुमच्या उचलण्याची मला सवय लागली तर तुम्ही थकाल तेव्हा मी काय करणार?

कुळागर राखण्याचे आणखी एक कारण आहे. कामावर परतलेल्या माणसांचे आयुष्य अधिक समाधानाचे जाते, असे उपचार करणारे सगळेच सांगतात, आणि मला येणारे काम तेच आहे. पोफळीवर चढायला माणूस ठेवू. मजुरांचे हिशेब, पाणी सोडण्याचे वेळापत्रक, सुपारीची प्रतवारी आणि विक्री मी खुर्चीत बसून बघेन.

चवथीपूर्वी घरी यायचा माझा विचार आहे. तोवर गवंड्याला बोलावून जोत्याची उंची आणि न्हाणीच्या दाराची रुंदी मोजून घ्या आणि ताईला फोनवर सांगा. उताराचा आराखडा मी इथून पाठवतो.

आपला,
धाकटा