टायरवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

नागपुरातून मोटारसायकल शर्यतींसाठी ट्रॅकवर जाणाऱ्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी ग्रेट नाग रोडवरच्या आपल्या दुकानाची पायरी चढली आहे. तिथून प्रत्येकाने टायर विकत नेला असे मात्र नाही, कारण ‘आहे तोच अजून चालेल’ असे सांगून आपण कित्येक गिऱ्हाइकांना परत पाठवले आहे. मीही त्यांतलाच एक. आभार तोंडी मानता आले असते, परंतु आपण जे समजावून दिले ते विदर्भातल्या इतर मुलांच्याही उपयोगी पडावे आणि ते कोणाकडून आले हेही त्यांना कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आपल्याकडे ट्रॅक नाही. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचे करी किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट, यांपैकी कुठेही जायचे तर गाडी रेल्वेने पाठवावी लागते किंवा पिकअपमध्ये बांधून न्यावी लागते, आणि तिथे पोहोचल्यावर टायर चुकीचा निघाला तर तो बदलण्याची सोय बहुधा नसते. त्यामुळे टायरचा निर्णय इथेच, निघण्यापूर्वी, पक्का करावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतली, शर्यत बुद्ध सर्किटवर झाली, आणि त्यानंतर आपल्या दुकानात स्लिक, म्हणजे खाचा नसलेला शर्यतीचा गुळगुळीत टायर, मागणाऱ्यांची रीघ लागली. मीही स्लिकच मागितला होता. आपण हसला नाहीत. एवढेच विचारलेत, ‘‘पोट्ट्या, गाडी तुही आहे का त्या टीव्हीतल्याची?’’

त्या प्रश्नामागचे शास्त्र आपण नंतर सविस्तर सांगितलेत. स्लिकचे रबर चिकट असते हे खरे, पण ते ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर. टायर गरम होतो तो वजन, वेग, ब्रेक आणि इंजिनाची ताकद यांमुळे. या सगळ्यांच्या रेट्याखाली त्याचा सांगाडा सतत दबतो आणि सुटतो, म्हणून आतून उष्णता निर्माण होते. लिटरची, म्हणजे हजार सीसीची, मोठी गाडी ही उष्णता सहज पैदा करते. दीडशे सीसीची हलकी गाडी ती करू शकत नाही, आणि वॉर्मरने, म्हणजे टायरभोवती गुंडाळायच्या विजेच्या वेष्टनाने, तापवलेला स्लिकही काही लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांमध्ये, थंड पडतो. अर्धवट गार स्लिकपेक्षा चांगला स्पोर्ट रोड टायर अधिक भरवशाचा असतो, हे मला कोणत्याही जाहिरातीने सांगितले नव्हते. शिवाय कोणत्या वर्गात उतरायचे आहे ते आधी पाहा, असे आपण बजावलेत, कारण एकाच कंपनीच्या गाड्यांच्या स्पर्धेत टायर बहुधा नियमानेच ठरलेला असतो आणि तिथे आवडीनिवडीला जागाच उरत नाही.

साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, आकडे वाचायला शिकवलेत, त्यासाठी वेगळे आभार. माझ्या मागच्या टायरवर १४०/७० आर १७ ६६ एच असे लिहिले आहे: रुंदी १४० मिलिमीटर, उंची तिच्या सत्तर टक्के, रेडियल बांधणी, सतरा इंची रिम, ३०० किलोपर्यंतचा भार आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्याच्या जवळच चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. सवलतीत मिळणाऱ्या टायरचा हा शिक्का लोक पाहत नाहीत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेले रबर नवे दिसले तरी नवे राहत नाही, आणि नागपूरकराला हे निराळे सांगायला नको. टायर थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि कूलरच्या मोटारीपासून लांब ठेवा, कारण मोटारीच्या ठिणग्यांतून होणारा ओझोन रबराला तडे पाडतो, हे मात्र मला आपल्याकडूनच कळले.

रुंद टायरचा मोह आपण घालवलात, तोही पुराव्यानिशी. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते हे त्याचा उत्पादक सांगतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. गाडी झुकवल्यावर जमिनीला टेकणारा भाग त्यामुळे वाढण्याऐवजी घटू शकतो. पार्किंगमध्ये मागून पाहणाऱ्याला ती गाडी दणकट वाटते एवढाच काय तो फायदा.

पण माझ्या दृष्टीने आपली सर्वांत मोठी देणगी हवेबद्दलची आहे. गाडी उभी असताना घेतलेले प्रेशर आणि ट्रॅकवरून आल्या-आल्या घेतलेले प्रेशर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्रॅकच्या कामाचे असते ते दुसरे. आपण पाटीवर हिशेब मांडून दाखवला होता: जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना ३० पीएसआय भरलेली हवा, एक थेंबही गळाली नाही असे धरले, तरी मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांना सुमारे ३५ दाखवील. ट्रॅकवर टायर ३० अंशांवरून ८० अंशांवर गेला, तर तीच ३० ची हवा ३७ च्या पुढे जाते. दाब जास्त झाला की टायरचा जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो. कमी पडला की सांगाडा जास्त दबतो, टायर तापतो आणि वळणात गाडी ढिली वाटते. म्हणून कंपनीने सांगितलेला गरम दाब हेच लक्ष्य धरायचे, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी तपासण्याच्या जागी, थांबताक्षणी मोजायचे, आणि दर वेळी एकाच गेजने मोजायचे. गेज थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण तो बदलता कामा नये, हे आपले म्हणणे मला आधी विचित्र वाटले होते. आता त्यामागचे कारण पटले आहे: सेटिंग करताना तुलना स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी असते.

या बाबतीत आपण आंतरराष्ट्रीय शर्यतींचे उदाहरण देत असता, ते इथे नोंदवतो. मोटोजीपीत पुढच्या टायरचा किमान दाब ठरवून दिलेला आहे, २०२४ पासून तो १.८ बार, म्हणजे सुमारे २६ पीएसआय आहे, आणि मुख्य शर्यतीत तो पाळला नाही तर १६ सेकंदांचा दंड होतो. २०२५ मध्ये कतारला माव्हेरिक विन्यालेस या रायडरने दुसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडली होती, पण या दंडाने ते स्थान गेले. पुढे दुसऱ्या गाड्या असल्या की त्यांच्या गरम हवेत पुढचा टायर तापतो आणि दाब चढतो, तर एकटे पुढे निघाले की तो उतरतो. त्यामुळे शर्यत कशी होईल याचा अंदाज बांधून हवा भरावी लागते. जगातले सर्वांत निष्णात तंत्रज्ञ जिथे दशांशासाठी झगडतात, तिथे आम्ही पेट्रोल पंपावर ‘थोडी हवा बघा’ म्हणून निघून जात होतो.

टायरची पाहणी आपण डोळ्यांपेक्षा हाताने अधिक करता. चाक स्टँडवर फिरत असताना आपला तळवा पृष्ठभागावरून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने जातो, आणि अंगठ्याचे नख एखाद्या खाचेच्या काठाशी थांबते. ते पाहून मीही तसे करू लागलो. बारीक, सारख्या दाण्यांचा, पॉलिश पेपरसारखा पृष्ठभाग असेल तर टायर बरोबर काम करतो आहे. खोल खड्डे पडून रबराचे तुकडे निघाले असतील, तर वरचा थर तापला पण आतला सांगाडा गारच राहिला असा संशय घ्यायचा. कडेला डांबरासारखी चकचकीत, वितळलेली छटा आली असेल, तर टायर प्रमाणाबाहेर तापला आहे. खाचेच्या फक्त एका बाजूला पायरी चढली असेल, तर आधी सस्पेन्शन पाहायचे, कारण टायरवर दिसणारा दोष टायरचाच असतो असे नाही. आणि कडेला न घासलेली पट्टी उरली म्हणून रायडर भित्रा ठरत नाही. जो अंग आत काढून बसतो त्याला त्याच वेगात गाडी कमी झुकवावी लागते. हे वाक्य आपल्या दुकानातल्या भिंतीवर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण पट्टीवरून होणारी चेष्टा मी फार ऐकली आहे.

तापमान मोजताना सुई टोचून आतले मोजा, बंदुकीसारख्या यंत्रावर विसंबू नका, असे आपण सांगितलेत. ते यंत्र फक्त वरचा थर पाहते, आणि तो थर सरळ रस्त्यावर काही सेकंदांत निवतो. डाव्या-उजव्या बाजूंची तुलनाही आपणच करायला लावलीत. जर्मनीतल्या साक्सेनरिंगवर तेरा वळणांपैकी दहा डावीकडची आहेत. तिथे उजवी बाजू गार राहते, म्हणून दोन्ही बाजूंना वेगळे रबर असलेले टायर वापरतात. रस्त्याच्या पोताचे महत्त्व सांगताना आपण २०१३ च्या ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या मोटोजीपी शर्यतीचा दाखला दिलात: नव्याने डांबरीकरण झालेल्या ट्रॅकवर टायर पूर्ण अंतर टिकणार नाहीत असे दिसल्यावर ती शर्यत २७ लॅपवरून १९ वर आणली आणि मध्ये गाडी बदलणे सक्तीचे केले. तेव्हा ‘हा टायर चांगला’ हे वाक्य ट्रॅक, ऋतू आणि गाडी सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

टायर तपासताना पहिल्या दोन वेगवान लॅपवर भुलू नका, शेवटच्या लॅपची वेळ पाहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, या आपल्या दोन सूचना मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. एका बाबतीत मात्र आपले-माझे अजून जमत नाही. मोठ्या रायडरांनी वापरून काढलेले टायर स्वस्तात मिळतात, आणि आपण ते हातातही धरत नाही. रबर जितक्या वेळा तापते आणि निवते तितके ते कडक होत जाते, हे मला मान्य आहे. परंतु तारखेचा शिक्का अलीकडचा असेल आणि कडकपणा एकाच तापमानाला मोजलेल्या नव्या टायरच्या जवळपास असेल, तर सरावापुरता तो घ्यायला हरकत नसावी. शर्यतीला नव्हे, एवढे मी मान्य करतो. वाद पुढे चालू ठेवू.

आपल्या सांगण्यावरून सुरू केलेल्या त्या वहीच्या छायाप्रती काढून आपल्या दुकानात ठेवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. त्यात तारीख, ट्रॅक, हवेचे आणि रस्त्याचे तापमान, थंड आणि गरम दाब, लॅपच्या वेळा आणि टायरचे छायाचित्र असे रकाने आहेत. नव्या मुलांना कोऱ्या पानांचा नमुनाही मिळेल. कोइम्बतूरला जाण्यापूर्वी मागचे चाक काढून आपल्याकडे घेऊन येतो. त्या वेळी रिमवर आणि टायरवर खूण करून घ्यायची आहे, म्हणजे ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो की नाही ते परतल्यावर आपल्याला दाखवता येईल.

आपला नम्र,
नागपूरचा एक रायडर