विचारून घेतलं होतं: गेमिंग लॅपटॉपच्या दुसऱ्या डिस्कबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

सांगली
दिनांक : २१ ऑगस्ट २०२५

विषय : तुमच्याच सल्ल्याने घेतलेल्या दोन्ही डिस्क लॅपटॉपला न चालल्याबद्दल आणि पैसे परत देण्यास नकार दिल्याबद्दल.

महोदय / महोदया,

सुरुवातीलाच सांगतो, मी विचारून घेतलं होतं. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा लॅपटॉपचा सिरीयल नंबर दिला, दोन्ही वेळा तुमच्या माणसांनी ‘बसेल’ म्हणून सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी तोंडावर आपटलो. आता त्या दोन डिस्क आमच्या कपाटात पडून आहेत, माझे ११,७२० रुपये तुमच्याकडे पडून आहेत, आणि तुमचं म्हणणं असं की सील फोडलेलं असल्यामुळे माल परत घेता येत नाही.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं मेकॅनिक होतो. संगणक माझा विषय नाही, पण स्पेअर पार्ट हा आहे. स्टोअरला चासी नंबर कळवला की त्या गाडीचा पार्ट यायचा. कधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा आला तर स्टोअरवाला कुरकुरत का होईना परत घ्यायचा. ‘खोकं का उघडलंत’ असं त्याने कधी विचारलं नाही. खोकं उघडल्याशिवाय पार्ट चुकीचा आलाय हे कळणार कसं?

लॅपटॉप माझ्या मुलीचा. ९ सप्टेंबर २०२४ ला तुमच्या सांगलीतल्या अधिकृत दुकानातून घेतला. ती इंजिनिअरिंगला आहे आणि गेम खेळते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून तर गेमिंगचा घेतला. आत ५१२ जीबीची एसएसडी आहे, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क. विंडोजमध्ये ती ४७६ दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातून विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअरं वजा केली की उरतं काय? तिचा बाल्डर्स गेट ३ हा एकटा गेम १५० जीबी जागा मागतो. असे दोन झाले की तिसऱ्यासाठी पहिला काढायचा, आणि काढलेला परत हवा झाला की रात्रभर डाउनलोड लावून झोपायचं.

दुसरी डिस्क कोणती घ्यायची यावर आमच्या घरात आठवडाभर खल चालला होता. तिचं म्हणणं, एसएसडीच घ्यायची. नवे गेम ती मागतातच. सायबरपंक २०७७ ने तर २०२३ मधल्या २.० आवृत्तीपासून किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिली. माझं म्हणणं, जो गेम चालू आहे तो आतल्या एसएसडीवर ठेव, बाकीचे साध्या हार्ड डिस्कवर टाक. ती जिथून गेम घेते त्या स्टीममध्ये गेम एका डिस्कवरून दुसरीवर हलवायची सोय आहे, पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही. वर्षाचं धान्य कोठीत, रोजचं डब्यात, एवढाच हिशेब. शिवाय पैसे कमी. शेवटी ती तयार झाली, पण ‘आधी कंपनीला विचारा’ या अटीवर.

म्हणून १२ जुलैला तुमच्या संकेतस्थळावर चॅट उघडलं, सिरीयल नंबर दिला आणि विचारलं, यात अडीच इंची हार्ड डिस्कची जागा आहे का? उत्तर आलं, ‘हो सर, या मॉडेलमध्ये अडीच इंची बे आहे. आमची एक टीबीची डिस्क घ्या, सोबत ब्रॅकेट आणि केबलचं किट घ्या.’ मागचं कव्हर मी उघडलं तर वॉरंटी जाते का, हेही विचारलं. ‘नाही सर, काही तुटलं नाही तर जात नाही.’ डिस्क ४,३५० ची, किट १,१८० चं. दोन्ही त्याच दिवशी मागवलं.

२० जुलै, रविवार. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. पाठीचे अकरा स्क्रू फुलीच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने काढले. कोपऱ्यातला बारावा पूर्ण निघतच नाही. तो सैल होता होता कव्हरची कड स्वतःच वर उचलतो. फार चांगली योजना आहे, ज्याने केली त्याला माझा नमस्कार सांगा. त्या फटीतून जुनं एटीएम कार्ड कडेकडेने फिरवलं, टक टक करत चाप सुटले आणि कव्हर हातात आलं. पाहतो तर डिस्क जिथे बसायची तिथे बॅटरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅटरीच. डिस्क मी आधीच व्हर्नियरने मोजली होती, बरोबर ७ मिलिमीटर जाड. बॅटरीच्या कडेला जागा उरते ती करंगळी जाईल एवढी. आणि केबल लावायचं सॉकेट? ते बोर्डावर बसवलेलंच नाही. त्याच्या जागी सोल्डरचे रिकामे ठिपके, ओळीने चमकत होते. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. ती काही बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

बॅटरीवर ९० वॅट-अवर असं छापलं आहे. त्यावरून पुढचा शोध लागला. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये तुम्ही दोन बॅटऱ्या देता. ४८ ची लहान बॅटरी असेल तर शेजारी अडीच इंची डिस्कला जागा राहते. ९० ची मोठी असेल तर ती जागा बॅटरी खाते. यात गैर काही नाही. गेमिंगच्या यंत्राला मोठी बॅटरी हवीच, आणि आम्ही ती जास्त पैसे मोजूनच घेतली. पण सिरीयल नंबर टाकल्यावर कोणती बॅटरी घालून यंत्र बाहेर पडलं हे तुम्हाला दिसत नसेल, तर तो नंबर मागता कशाला? तुमच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर आजही नुसतं ‘अडीच इंची बे : आहे’ एवढंच लिहिलेलं आहे.

आणखी एक, जाता जाता. ही हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीची आहे. हे डिस्क बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात आहे, तुमच्या विक्रीच्या पानावर नाही. म्हणजे तिच्यावर लिहिलेले पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं एका जागी नवीन लिहायचं की बाजूचंही पुन्हा लिहावं लागतं, आणि मोठं काही सतत लिहीत गेलं की वेग बसतो. फोटो साठवायला हरकत नाही. पण दर पंधरा दिवसांनी दीडशे जीबी इकडून तिकडे करणाऱ्याला हे आधी कळायला हवं. माझा कोठी-डब्याचा हिशेब इथे थोडा चुकलाच, हे मी मुलीकडे कबूल केलं आहे.

२१ जुलैला फोन केला. तुमच्या ताईंनी माफी मागितली, नीट बोलल्या, मला राग त्यांचा नाही. म्हणाल्या, ‘सर, तुमचा दुसरा एम-टू स्लॉट रिकामा आहे, त्यात सॅटा एसएसडी टाका. एक टीबी ६,१९० ला आहे. आधीचं सामान परत घ्यायची नोंद मी करते.’ मी मुद्दाम विचारलं, या स्लॉटला सॅटा चालतं का? त्यावर, ‘सर, एम-टू म्हणजे एम-टू. साइज एकच असते.’ हा कॉल रेकॉर्ड होत असल्याचं सुरुवातीला तुमचंच यंत्र सांगतं. तेव्हा तो काढून ऐका.

साइज एकच असते, हे अगदी खरं. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. ती आत गेली, स्क्रूही लागला. लॅपटॉप चालू केला तर विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बायोसच्या पडद्यावर नाही, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही. काढली, फुंकर मारली, परत लावली. नाहीच.

कारण आता मला पाठ झालं आहे. एम-टू हे नुसतं आकाराचं नाव. त्या आकारात दोन वेगळ्या जाती येतात, एक जुन्या, हळू जोडणीची सॅटा आणि दुसरी पीसीआय एक्सप्रेस या वेगवान जोडणीवर चालणारी एनव्हीएमई. सॅटाच्या पट्टीच्या सोनेरी दातांत साधारणपणे दोन खाचा असतात, एनव्हीएमईच्या एक. दोन खाचांची पट्टी एका खाचेच्या स्लॉटमध्येही सहज शिरते, म्हणून घोटाळा हाताला कळत नाही. आमच्या लॅपटॉपच्या त्या स्लॉटला सॅटाची जोडणीच दिलेली नाही. तुमच्याच दुरुस्ती पुस्तिकेत त्या स्लॉटपुढे ‘फक्त पीसीआय एक्सप्रेस’ असं लिहिलं आहे. हवेच्या पाइपचा आणि डिझेलच्या पाइपचा आटा एकच निघाला, म्हणून कोणी ब्रेकला डिझेल जोडत नाही.

बरं, सॅटा चालली असती तरी त्या भावात ती घ्यावी का? सॅटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास थांबतो. तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. इथल्या दुकानात तसली एक टीबी ६,४०० ला मिळत होती. गेम त्यामुळे सहापट लवकर उघडतो असं नाही, असं मुलगी सांगते, आणि तिच्यावर माझा आता तुमच्यापेक्षा जास्त विश्वास आहे. पण २१० रुपयांसाठी मागची जात कोण घेईल?

यापुढे तुमच्याकडून आलेलं उत्तर मी दोनदा वाचलं, कारण माझंच काही समजण्यात चुकतंय असं वाटलं. २८ जुलैला दोन्ही वस्तू परत घेण्याबद्दल लेखी कळवलं. ३१ ला फोन आला की माल सदोष असेल तरच परत. म्हणून एम-टू डिस्क घेऊन दुकानात गेलो. त्यांनी ती सॅटा चालणाऱ्या यूएसबी डबीत घालून पाहिली. डिस्क ठणठणीत, ९३१ जीबी दिसली. हे मी तुम्हाला सरळ कळवलं. त्यावर ६ ऑगस्टला उत्तर आलं की डिस्क सदोष नाही, सबब परत नाही. हार्ड डिस्कचं आणि किटचं सील फोडलेलं, सबब तेही परत नाही. ताईंनी केलेली परतीची नोंद कुठे सापडत नाही. म्हणजे ‘डिस्क जळाली’ असं मी खोटं लिहिलं असतं तर पैसे मिळाले असते, आणि तपासून खरं सांगितलं म्हणून मिळाले नाहीत. त्याच पत्रात वर एक ओळ अशी की कव्हर ग्राहकाने उघडल्यामुळे वॉरंटीचा ‘फेरविचार’ होऊ शकतो. उघडायला कोणी सांगितलं होतं?

तेव्हा मागणी साधी आहे. ११,७२० रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत यावेत, आणि सामान तुमच्या खर्चाने न्यावं. कव्हर उघडल्यामुळे वॉरंटीला बाध येत नाही, हे चॅटवर सांगितलं तसं आता लेखी द्यावं. ९ सप्टेंबरला वॉरंटीचं वर्ष संपतं, त्यामुळे हे लवकर हवं आहे. आणि त्या मॉडेलच्या पानावर दोन ओळी वाढवाव्यात: अडीच इंची जागा फक्त ४८ च्या बॅटरीसोबत मिळते, आणि दुसरा एम-टू स्लॉट सॅटा घेत नाही. यातून मला काही मिळणार नाही. पण आमच्यासारखी चादर अंथरून बसणारी आणखी माणसं असतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. २८ जुलैच्या पत्राची पोच मला ६ ऑगस्टला, नकाराच्याच पत्रात मिळाली. महिना २८ ऑगस्टला पुरा होतो. तोवर पैसे जमा झाले नाहीत तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन, आणि मग इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर आहे. पण तो तारखांना घालवण्याची हौस नाही.

बिलांच्या प्रती, चॅटचे स्क्रीनशॉट, उघडलेल्या लॅपटॉपचे चार फोटो आणि दुकानदाराने डिस्क तपासल्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

दोन्ही डिस्क आणि किट मूळ खोक्यांत घालून ठेवले आहेत. २७ तारखेला गणपती बसतात, त्या दिवशी कुरिअरवाल्याला पाठवू नका, दार उघडायला कोणी मोकळं नसेल. २५ किंवा २६ ला दुपारी चारपर्यंत मी घरीच आहे. किटमधली चपटी केबल फार नाजूक आहे. ती वेगळ्या कागदात सरळ ठेवली आहे, नेणाऱ्याने दुमडू नये.

आपला,
(स्वाक्षरी)